गजराबाईला बोअर व्हायचं

मंडळी, ऐका. शेवरी गावच्या गजराबाई गेल्या, ते त्यांच्या नवऱ्याला कळलं दुपारी. आणि कळलं तेही उशिरा!

रंगनाथ आबा पारावरून घरी आले. चपला काढल्या. आत टीव्ही चालू – कोणी एक सासू कोणा एका सुनेला घराबाहेर काढत होती, मोठमोठ्यानं! समोर गजराबाई बसलेल्या. मान जराशी कललेली, हातात रिमोट. आबांना वाटलं, डोळा लागलाय. काय केलं असेल त्यांनी? हळूच टीव्हीचा आवाज कमी केला. झोपू दे म्हणाले. पाणी प्याले, कॉटवर आडवे झाले. उठल्यावर स्वतःच्या हातानं चहा ठेवला – जन्मात कधी ठेवला नव्हता! – दोन कप भरले, बाहेर आले.

"ऊठ गं, चहा घे."

तो चहा कोणी घेतला नाही, मंडळी. हात धरून हलवलं, तेव्हा तो हात गार लागला.

त्याच दिवशी सकाळी आबा घराबाहेर पडताना त्या दारात आल्या होत्या. "लवकर या हो," म्हणाल्या, "लय बोअर होतंय." आबा हसले. म्हातारीच्या तोंडी इंग्रजी शब्द, कोण नाही हसणार? पारावर जाऊन त्यांनी सांगितलंसुद्धा – "आमची ही आता बोअर व्हायला लागली!" सगळा पार हसला. तुम्हीही आत्ता हसलात. मी ऐकलं.

तर माझा प्रश्न असा. ज्या माणसावर आपला जीव आहे, त्याच्या हातातलं काम काढून घेतलं, त्याला बसवलं, म्हटलं, "आता आराम कर" – म्हणजे आपण त्याला सुख दिलं का? बघा बरं. उत्तर लगेच देऊ नका. लगेच दिलेलं उत्तर आपलं नसतं, शेजाऱ्याचं ऐकलेलं असतं.

आज निरूपणाला मी अभंग घेतला नाही. अभंगाला गळा लागतो, आणि माझा गळा गेल्या कार्तिकापासून साथ देत नाही. आमची घरधनीण कार्तिकात गेली. ते असो. मृदंगमहाराज, तुम्ही जरा हात सैल सोडा, आज तुम्हाला काम कमी. आज मी एक शब्द घेतलाय. गजराबाईंचा शब्द. बोअर!

काय सोयीचा शब्द आहे बघा! पोराला गणित बोअर. सुनेला सासू बोअर, सासूला सुनेची भाजी बोअर. सिनेमा बोअर, पाहुणे बोअर, रविवार बोअर. मित्र जास्त बोलला तर "ए, बोअर मारू नको." आमच्या दुष्काळी गावात पूर्वी बोअर म्हटलं की लोक विचारायचे, "पाणी लागलं का?" आता कोणी विचारत नाही. आणि महाराजांचं कीर्तन? – ते मागच्या खांबाला टेकलेले दादा जांभई देतायत, त्यांना विचारा! द्या दादा, खुशाल द्या. लपवून दिलेली जांभई वाईट.

पण आपल्या आजीकडं याला किती शब्द होते, आठवा! कंटाळा. कंटाळा येतो कामाचा – धुणं संपत नाही, निंदणी संपत नाही. काम संपलं की तो आपला आपण निघून जातो. त्याला मनावर घ्यायचं नसतं. वीट येतो तो तेच ते पुढं येऊन. लग्नात गोडाधोडाच्या पंगती उठल्या की चौथ्या दिवशी पिठलं-भाकरी हवी वाटते ना, तो वीट. उबग त्याच्यापुढचा. तिथं नुसतं नको होत नाही, मळमळतं. वैताग मात्र दुसरं कोणीतरी आणून देतं, तो आपल्या आपण येत नाही. आणि आळस? आळसाचं यात काही काम नाही. आळशी माणसाला कंटाळा येतो का कधी? तो मजेत असतो!

आणि एक शब्द राहिला. करमत नाही.

करमत नाही, हे कामामुळं होत नाही. खाण्यामुळं होत नाही. घरात सगळं असतं, आणि करमत नाही. नवीन नवरी सासरी येते, तिला करमत नाही. लेक नांदायला जाते, मागं आईला करमत नाही. कोणीतरी नसतं, म्हणून करमत नसतं. हा शब्द मला लहानपणापासून माहीत होता, मंडळी. कळला आत्ता. संध्याकाळी घरी गेलो की दारात चपला काढताना मी अजून आवाज देतो – "आलो गं." देतो आवाज. नंतर आठवतं.

इंग्रजी शब्दाचा दोष नाही. ज्वारी, बाजरी, हरभरा, सगळं एकाच पोत्यात ओतलं आणि वर चिठ्ठी लावली – धान्य! पोत्याचा काय दोष? पण दळायला बसणाराला कळायला हवं ना, आत काय आहे ते!

आता गजराबाईंकडं हा शब्द आला कुठून? नातीकडून. त्यांचा मुलगा प्रवीण पुण्याला कंपनीत. त्याची मुलगी स्वरा, इंग्रजी शाळेतली. सुट्टीत आली, दोन दिवस ओसरीवर बसली, आणि म्हणाली, "आजी, इथं खूप बोअर होतंय."

"म्हंजे काय गं?"

"म्हणजे... कोणीच नाही ना खेळायला."

बघा! मोठ्या पुस्तकात शोधलं असतं तरी इतका नेमका अर्थ सापडला नसता. पोर तो सांगून पुण्याला गेली, आणि आजीनं शब्द ठेवून घेतला. का ठेवून घेतला? इथं बायका बसल्यात, त्यांना विचारा. नवरा आहे, पोरगा कमावतोय, घराला स्लॅब आहे – अशी बाई जर म्हणाली, "मला करमत नाही," तर लोक काय म्हणतील? "काय कमी केलं गं तुला आम्ही?" बोअर म्हटलं की असं कोणी विचारत नाही. हसतात, आणि विसरतात. तेवढंच बाईला बोलल्याचं समाधान!

तर आता करमत का नव्हतं, ते ऐका.

शेवरीत उन्हाळ्यात पापडाची सावड असायची. सावड म्हणजे काय, या पुढं बसलेल्या पोरांना ठाऊक नसेल. आज सगळ्या बायका तुझ्या अंगणात, उद्या माझ्या. तुझे पापड आम्ही लाटायचे, आमचे तू. पैसा नाही, मजुरी नाही. जिच्या घरचे पापड, तिनं आदल्या दिवशी घरोघरी जाऊन हाक मारायची – "उद्या आमच्याकडं हं!" मग प्रत्येकीनं आपलं पोळपाट-लाटणं काखेत मारून यायचं आणि गोणपाटावर मांडी घालून बसायचं. उडदाचं पीठ कुटलेलं, तेलाचा हात लावून दोऱ्यानं लाट्या कापलेल्या. आणि तोंडं? तोंडं लाटण्याच्या दुप्पट चालायची! कोणाची सून रुसली, कोणाचा नवरा घोरतो, सरपंचीण बाई रंग लावून केस काळे करते – सगळा गाव त्या गोणपाटावर लाटला जायचा! आणि त्या सगळ्यांत गजराबाईंचा पापड पातळ. पातळ म्हणजे वाळत घातला की खालच्या साडीचं फूल दिसायचं. "काकू, तुमच्या पापडातनं पलीकडचं दिसतं," पोरी म्हणायच्या. गजराबाई म्हणायच्या, "म्हणूनच तुझी लबाडी दिसती मला. लाट नीट!"

आणि एका वर्षी गुडघे दुखायला लागले.

प्रवीणनं पुण्याहून पापडाची पाकिटं धाडली. "आई, आता कशाला खाली बसतेस? सगळं विकत मिळतं." चांगला मुलगा! यात वाईट काय? आबाही चांगले. आबांना अभिमान वाटला. त्या वर्षी शेजारच्या इंदूकाकू हाक मारायला दारात आल्या, तेव्हा आबाच बाहेर आले.

"इंदू, आता आमच्या हिला बोलवू नका. आमचं सगळं विकत येतं. लय राबली, आता आराम करू दे."

इंदूकाकू म्हणाल्या, "बरं आबा. नशीबवान आहे गजराकाकू!" खरंच तसं वाटलं त्यांना.

आणि सावडीचा कायदा बघा कसा असतो. जिच्या घरी पापड करायचेच नाहीत, तिला हाक मारायची तरी कशी? तिचं काम फेडायचं कुठं? फुकट राबवून घेतल्यासारखं होतं. म्हणून बायकांनी बोलावणं थांबवलं. रागानं नाही हो! मान ठेवून. मुलानं मायेनं केलं, नवऱ्यानं मायेनं केलं, शेजारणींनी मानानं केलं. एकानंही वाईट केलं नाही. आणि बाई एकटी पडली!

ती म्हणायला लागली, "बोअर होतंय." आबांनी मोठा टीव्ही आणला. तरी बोअर. मोठा मोबाईल आणला. त्यावर स्वरा दिसायची, "हाय आजी," म्हणायची, आणि तिला क्लास असायचा. ओसरीत झोपाळा लावला. देवदर्शनाच्या बसमध्ये बसवून आणलं. माणसानं काही करायचं ठेवलं नाही. शब्दावर जेवढे इलाज होते, तेवढे केले. फक्त एक विचारलं नाही – "कशाचं गं?" दोन शब्दांहून जास्त नाही त्यात! पण विचारलं की उत्तर ऐकायला बसावं लागतं. आणि पारावर माणसं वाट बघत असतात.

आता घाटावर चला.

श्रावणातला दहावा. पावसानं उघडीप दिलेली, नदी गढूळ. दहाव्याच्या प्रवचनाला मला बोलावलं होतं, म्हणून हे मी डोळ्यांनी पाहिलं. पिंड मांडले. भात, वर दही, शेजारी त्यांना आवडायचा म्हणून शिरा, चहाचा कप. कावळे होते. नव्हते असं नाही! पलीकडच्या बाभळीवर ओळीनं बसलेले. बघत होते. एकही खाली येईना.

तुम्हाला रीत माहीत आहे. कावळा शिवत नाही म्हणजे जाणाऱ्याचं काहीतरी मागं राहिलंय. मग जिवंत माणसांनी पुढं व्हायचं, हात जोडायचे, आणि वचन द्यायचं. प्रवीण पुढं झाला. "आई, बाबांना मी पुण्याला नेईन. एकटं ठेवणार नाही." कावळे बसलेले. मग गजराबाईंचे भाऊ, सर्जेराव मामा. मोठ्या आवाजाचा माणूस! "अक्का, तुझ्या पाटल्या स्वराच्या लग्नात तिलाच घालू! दुसऱ्या कोणाला हात लावू देणार नाही!" कावळे बसलेले. आबा म्हणाले, "तुझ्या नावानं देवळाला घंटा बांधतो." एक कावळा उडाला – आणि लांबच्या झाडावर जाऊन बसला.

उन्हं वर आली. सर्जेराव मामा चिडले. "अहो दाजी, आठवा की! उभ्या जन्मात बाईनं काहीतरी मागितलं असंल!"

"तिनं कधी काही मागितलंच नाही हो," आबा म्हणाले.

गुरुजी सावकाशीनं म्हणाले, "शेवटी शेवटी काही म्हणायच्या का?"

आबांनी उपरण्यानं तोंड पुसलं. मग म्हणाले, "बोअर होतंय म्हणायची."

तिथंही कोणीतरी हसलं, मंडळी! दहाव्याच्या घाटावर! आणि मागं वडाखाली, पाहुण्यांतला एक जण फोनवर बोलत होता, मला स्पष्ट ऐकू आलं – "अरे नाही निघालो अजून. कावळा शिवेना. जाम बोअर होतंय राव." तोच शब्द! त्याच्या तोंडी तो घड्याळाचा होता. तिच्या तोंडी कशाचा होता?

तेव्हा बायकांमधून इंदूकाकू पुढं आल्या. पदर तोंडाला.

"आबा, मी बोलू का? गजराकाकू चैत्रात आली होती आमच्याकडं."

"कशाला?"

"पापडाला. आम्ही बोलावलं नव्हतं. तुम्ही सांगितलं होतं ना. पण आली. काखेत पोळपाट घेऊन आली. आम्ही सगळ्या उठलो. म्हटलं, अगं बाई काकू, तुम्ही कशाला? आबा रागावतील आम्हाला! आता तुम्ही खाली बसायचं नाही. मी घरातनं खुर्ची आणून दिली. चहा दिला, कपबशीत. बसली ती. आम्ही लाटत होतो, ती बघत होती. मध्ये एकदा म्हणाली, 'ही कड जाड राहिलीय बघ.' चहा पिऊन झाल्यावर उठली. पोळपाट तसंच घेऊन घरी गेली. परत आली नाही."

नदीचा तेवढा आवाज.

आबा इंदूकाकूंकडं बघत राहिले. मग वळले, पिंडासमोर गेले, हात जोडले. सगळ्यांना वाटलं, आता सापडलं! आता आबा बोलणार आणि कावळा खाली येणार! मामा तर म्हणालेसुद्धा – "बोला दाजी, बोला!"

आबांनी तोंड उघडलं. आणि मंडळी, बोलायला काही नव्हतं.

काय वचन देणार? विचार करा! घाटावरची सगळी वचनं पुढची असतात. लेकीचं लग्न करू, पोराला सांभाळू, घंटा बांधू. पुढं करायची गोष्ट कोणीही कबूल करतो. पण हिला हवं होतं ते मागं राहिलं होतं. गोणपाटावर चार बायकांत जागा हवी होती. ती आता कोणाला देणार? "जा गं, मी अडवत नाही," असं कोणाला म्हणणार? आबांचे हात जोडलेलेच राहिले. मी प्रवचनाला उभा राहिलो होतो. खाली बसलो. त्या तोंडापुढं माझं तोंड काय उघडणार?

शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला. कावळा येत नाही तेव्हा करतात. गवताचा. तो आबांच्या हातात दिला. आबांनी तो पिंडाला लावला. झालं. लोक गाड्यांकडं वळले. आबा तिथंच गवत हातात धरून उभे.

मी घरी आलो आणि आमच्या घरात हे सगळं सांगितलं. तेव्हा ती होती. तिनं चूल आवरत ऐकून घेतलं. मला वाटलं, आबांना बोलेल, नाहीतर इंदूकाकूंना. ती एवढंच म्हणाली, "त्या खुर्चीवर बसल्यावर बाईनं हात कुठं ठेवले असतील हो?"

सगळं आयुष्य बोलून पोट भरलेला माणूस मी. उठून तिच्याजवळ चुलीपाशी खाली बसलो.

आता तुमच्याकडं येतो. मान खाली घालू नका, वर बघा! तुमच्या घरात कोण म्हणतं, "बोअर होतंय"? पोर म्हणत असेल, त्याला मोबाईल देता. बाप म्हणत असेल, त्याला म्हणता, "देवाचं नाव घ्या." देवाचं नाव घ्यायला सांगणं सोपं आहे, मंडळी. मी तेच करून जगतो, मला माहीत आहे! घरी गेलात की विचारा – "कशाचं?" आणि खाली बसा. त्या माणसाच्या बरोबरीनं, खाली. खुर्ची आणू नका. कामाचा कंटाळा असेल तर सुट्टी द्या. जेवणाचा वीट असेल तर पिठलं करा. वैताग असेल तर तो कोणी दिला ते बघा – बहुधा तुम्हीच दिलेला असतो! पण करमत नसेल, तर वस्तू आणू नका. वस्तूनं करमत नाही. माझ्या घरी सगळ्या वस्तू आहेत.

तुम्ही विचाराल, शेवरीत पुढं काय झालं? सांगतो, आणि थांबतो.

दहाव्याहून परतताना बायकांचं ठरलं होतं, येत्या उन्हाळ्यात पहिले पापड आबांच्या अंगणात लाटायचे, गजराबाईंच्या नावानं. आबांना कळलं. त्यांनी चैत्र लागताच अंगण सारवून घेतलं. पुण्याला गेले नाहीत, मुलगा न्यायला आला होता तरी. उडदाची डाळ आणली, दळून ठेवली. रोज सकाळी पारावर न जाता, बायका येतील म्हणून ओसरीत बसायचे. बायका आपापल्या घरी वाट बघत होत्या, हाक कधी येते त्याची. कारण सावडीची हाक त्या घरच्या बाईनं मारायची असते. पुरुषानं मारायची रीत नाही. आणि त्या घरात आता बाई नाही.

चैत्र गेला. वैशाख गेला. मी परवा त्या वाटेनं आलो, तेव्हा पावसाचे ढग आले होते आणि आबा पिठाचा डबा अंगणातून आत नेत होते. त्या अंगणात पापड लाटायचे राहिलेत.